पाटाचं पुस्तक

पुस्तक हातात आलं तरी ती ते लगेच उघडत नसे. आधी हात धुवायची, पदराला पुसायची, मग खुणेच्या जागेपासून शेवटापर्यंतची सगळी पानं चिमटीत धरून दाबून बघायची. बाजारात बायका लुगड्याचा पोत बघतात ना, तशी. मग पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणायची, "बरा. अजून इतका हाय. पुढं?"

तिला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण "अजून इतका हाय" हे तिला बोटांनी कळायचं, आणि ते कधी चुकत नसे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे आणि तिथे मला सांगायला जड जाणार आहे.

मी तेव्हा मुरबाडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. ती दवाखान्यात दाई होती. सगळा गाव तिला आयाबाई म्हणायचा, कारण त्याआधी दहा-बारा वर्षं ती शहापूरला जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर आया होती. माहेर धसईच्या पलीकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. नवरा तापानं गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बंगल्यावर लागली ती तेव्हाच.

बंगल्याची काही वळणं तिच्या अंगात मुरली होती. मी बशीतून चहा ओढला की ती डोळे वटारायची. "मास्तर, सुर्र नाय करायचा. मडम बोलेल." मडम कधीच विलायतेला पोचली होती, तरी मी सुर्र करायचं थांबवत असे.

लढाई सुरू झाली आणि साहेबाचं कुटुंब निघून गेलं. जाताना मडमेनं नोकरमाणसांना विचारलं, काय हवं ते मागा. कुणी कंदील मागितला, कुणी घोंगडी. आयाबाईनं तीन पुस्तकं मागितली.

त्याचं असं झालं होतं. मडम दुपारी लोकर विणत बसायची आणि तिचा छोटा मुलगा, बाबा, झोपला की आयाबाईला आपल्या हिंदुस्थानीत एका जुन्या कादंबरीची गोष्ट सांगायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची विलायत. घोड्यांच्या गाड्या, नाचाच्या मेजवान्या, लग्नाच्या मुली आणि त्यांच्या आईबापांच्या काळज्या. त्यात दोन बहिणी. थोरली देखणी, तिच्यामागे मोठा जमीनदार. धाकटीचं लग्न आधीच होऊन तिचा दर्यावर्दी नवरा पुस्तकाच्या मध्यावर बुडतो. शेवटच्या प्रकरणात थोरलीचं लग्न थाटात लागतं, आणि धाकटीबद्दल लेखिकाबाई एकच ओळ लिहितात, की ती आईकडे परत गेली आणि तिनं शिवणाची टोपली पुन्हा हातात घेतली. संपलं.

"मडम बोलली, शादी हो गया, किस्सा खलास," आयाबाई हातवारे करून सांगायची. "मी बोलली, खलास कसा? थोरलीचा झाला. धाकटीचा काय?"

तेव्हा मडमेनं हसून दोन नवी पुस्तकं दाखवली होती. लेखिकाबाईंना जाऊन कैक वर्षं लोटली होती. पण हल्लीच्या दोन बायकांनी त्याच माणसांना घेऊन लग्नानंतरच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्या सांगायला मडमेला वेळ मिळाला नाही. म्हणून ते मूळ पुस्तक आणि ही दोन अशी तीन पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून आयाबाई एका रविवारी दुपारी माझ्या ओटीवर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मास्तर, पाट हाय का?"

मी म्हटलं, बाई दमून आली असेल. आत गेलो आणि जेवायला बसायचा शिसवी पाट आणून तिच्यापुढे ठेवला.

तिनं पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "बसायचा नाय वो! लावायचा! धाकटीचा पाट लागतो का पुढं, तां इचारते मी."

आमच्या घरात पाट म्हणजे बसायची वस्तू. तिच्या लोकांत विधवेनं दुसरा घरोबा केला की त्याला पाट म्हणतात, आणि तो लावतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं, पण ऐन वेळी सुचलं नाही. एवढ्यात आतून, दाराच्या आडून, आणखी एक हसू ऐकू आलं. ते यमूचं होतं. माझी धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून घरी आली होती आणि माझा संसार सांभाळत होती. माझं लग्न अजून व्हायचं होतं. यमूला हसताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आयाबाई शेवटी त्याच पाटावर बसली. पुस्तकं पुढे मांडून तिनं मला तिची वर्गवारी समजावली. जुनं ते लग्नाचं पुस्तक. नवी दोन ती पाटाची. "मालकीन गेली. मंग दुसरीनं येऊन तोच संसार पुढं चालवला. म्हंजे पाटच की नाय?"

मी इंग्रजीचा मास्तर. असल्या नव्या प्रेमकथांकडे नाक मुरडायची मला सवय होती. मेलेल्या लेखिकेच्या माणसांना उसनं घेऊन कुणीतरी भाबड्या वाचकांसाठी दळण दळावं, हे मला गैर वाटे, आणि मी ते तिला ऐकवलंही. ती म्हणाली, "आसंल. पन तुमी वाचा तर."

दर रविवारी दुपारी ती येऊ लागली. ती पाटावर, मी खुर्चीवर, आणि यमू दाराशी तांदूळ निवडत. मी एक-एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

पहिलं पाटाचं पुस्तक थोरलीबद्दल होतं. तिचा वाडा, तिची मुलं, तिच्या मेजवान्या. आयाबाई चार रविवार बसली आणि मग कंटाळली. "हिला काय धाड भरली? खाऊनपिऊन सुखी हाय. पानं सोडा मास्तर, दुसरा घ्या."

दुसरं धाकटीबद्दल होतं. आणि आता कबूल करतो, त्या पुस्तकानं मला धरलं. रविवारपर्यंत दम निघेना. एकदा हेडमास्तर अचानक वर्गात आले तेव्हा मी ते व्याकरणाच्या पुस्तकाखाली सारलं. कॉपी करणाऱ्या पोराचं तोंड होतं तसं माझं झालं असणार. तीन दिवसांत मी ते शेवटापर्यंत वाचलं आणि रविवारी काहीच ठाऊक नसल्यासारखा पुढे सांगायला बसलो.

धाकटीच्या गावात एक मेंढपाळ असतो. मोठ्या कुरणांचा मालक, पण हातानं काम करणारा. बायको वारलेली. मुखदुर्बळ. त्याच्याबरोबर एक कुत्रा, एका कानाचा अर्धा तुकडा तुटलेला. आयाबाईनं कुत्र्याचं नाव मोत्या ठेवलं. मेंढपाळ महिनोन्महिने काही बोलत नाही, नुसता कुंपणाशी येऊन उभा राहतो. धाकटी दिसली नाही, की मोत्या दारापर्यंत जाऊन येतो. मोत्या आला की आयाबाई पाटावर सरसावून बसायची. "आला बघा इचारायला."

आणि आमच्या कुंपणाशीही एक जण उभा असायचा. धसईचा गाडीवाला. मुरबाडच्या बाजारात तांदूळ आणि भाजी घालायचा आणि परत जाताना आयाबाईला माहेरच्या निरोपासाठी भेटायचा, असं म्हणायचा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, त्याचीही बायको गेलेली. बैल सोडून आंब्याखाली बसून राहायचा. गोष्ट संपेपर्यंत बिडी ओढायचा आणि मी बाहेर आलो की उठून उभा राहायचा.

एकदा त्यानं मला हळूच विचारलं, "गुरजी, किती पानं ऱ्हायली?"

"का हो?"

तो लाजला. एवढा मोठा बाप्या, बैलाच्या पाठीवरच्या माश्या हाकलायला लागला. "मी तिला इचारलाय. ती बोलते, पुस्तक संपू दे, मंग सांगते."

पुढच्या रविवारी मी आयाबाईला चिडवलं. ती हसली नाही. पानं चिमटीत दाबून बसली आणि म्हणाली, "मानूस बरा हाय, मास्तर. पन पाट लावतात तां चोरी केल्यावानी. अंधारात न्यायचा, वाजंत्री नाय, काय नाय. आनि मंग जन्मभर पाटाची. पोरीबाळींच्या लग्नात हळद लावायला पाटाचीला बोलवत नाय कोन. मी किती जनींच्या पोरी माझ्या हातावर घेतल्यात. त्यांच्या लग्नात भिंतीला लागून उभी ऱ्हाऊ?" थोड्या वेळानं तिनं मान वर केली. "त्यांच्यात दुसऱ्यांदा लावतात, तां पाट का लगीन?"

मला उत्तर ठाऊक होतं. पुस्तकाच्या शेवटी धाकटी मेंढपाळाला हो म्हणते. सकाळी अकरा वाजता गावच्या देवळात, घंटा वाजवून, पहिल्या वेळी म्हटले तेच मंत्र पुन्हा म्हणून त्यांचं लग्न लागतं. गावातल्या मुली फुलं टाकतात. लग्न. सरळ लग्न. मी एवढंच म्हणालो, "पुस्तक पुरं होऊ द्या, मग कळेल."

"बरा," ती म्हणाली. "उजेडात झाला आसंल तर मी बी त्याला सांगेन. उजेडात करतोस तर कर, म्हून सांगेन."

दाराशी यमू बसली होती. मांडीवरच्या सुपात तिचा हात थांबला होता. तिच्याकडे मी पाहिलं आणि हा शेवट तीही ऐकणार, हे माझ्या लक्षात आलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पुण्या-मुंबईत सुधारक मंडळी विधवांची लग्नं लावून देत होती. खरं आहे. मी वर्तमानपत्रात त्यांच्या बातम्या वाचायचो आणि शाळेत मास्तरांच्या खोलीत त्यांचं कौतुकही करायचो. पण घरात तो शब्द निघाला नव्हता. निघाला असता तर यमूनं माझ्याकडे पाहिलं असतं, आणि मला काहीतरी करावं लागलं असतं. स्थळ शोधायला हवं होतं, काकांना पत्र लिहायला हवं होतं, नातलगांत तोंड लपवायला लागलं असतं. आणि मला दोन वेळचं गरम जेवण कोण घालणार होतं? हेही मनात होतं. ते लपवून उपयोग नाही.

शेवटच्या रविवारी मी वाचायला बसलो. मेंढपाळ कुंपण ओलांडून आत येतो, टोपी काढतो आणि विचारतो, इथपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग पान उलटलं नाही. उघड्या पुस्तकाकडे बघत मी म्हणालो, "धाकटी म्हणाली, तुमचे उपकार आहेत. पण माझं एकदा व्हायचं ते झालं. आणि ती घरात गेली आणि तिनं शिवणाची टोपली हातात घेतली. इथे गोष्ट संपली."

मी पुस्तक मिटलं. मग आयाबाईनं हात पुढे केला आणि उरलेली पानं चिमटीत धरली.

"मास्तर, अजून इतका हाय की."

"त्या जाहिराती आहेत," मी म्हणालो. "मागे छापतात. साबणाच्या, औषधांच्या."

यमू सूप उचलून आत गेली. आयाबाई पाटावरून उठली. "बरा," म्हणाली.

ओटीवरून मला सगळं दिसत होतं. ती आंब्याखाली गेली, गाडीवाला उठून उभा राहिला, ती दोन वाक्यं बोलली असेल. त्यानं मान हलवली, बैल जुंपले आणि गाडी वळवली. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मला हाक मारता आली असती. मी मनात वाक्य जुळवत राहिलो आणि तेवढ्यात गाडी वळणापलीकडे गेली.

त्याच वैशाखात गाडीवाल्यानं दुसरीशी लग्न केलं. आयाबाई माझ्या घरून आपली पेटी घेऊन गेली. दवाखान्यात दिसली की नमस्कार करायची, यमूची चौकशी करायची. चहाला मात्र आली नाही. पुढे माझी बदली शहापूरला झाली. जिथून ती पुस्तकं निघाली होती, तिथेच मी जाऊन पडलो. रोज फिरायला जाताना साहेबाचा बंगला वाटेत लागायचा, आणि मी मान खाली घालून पुढे जायचो.

लढाई संपली. एके दिवशी मुरबाडच्या दवाखान्यातला एक माणूस कचेरीच्या कामाला शहापूरला आला होता. तो म्हणाला, आयाबाईचं काही खरं नाही. भावाकडे गेली आहे, अंथरुणाला खिळली आहे.

पुढच्या सुट्टीत मी निघालो. धसईपर्यंत मोटार, पुढे पायी. आता तरी खरं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, आणि वाटभर सुरुवात कशी करायची ते घोकत होतो.

ओसरीत बाजेवर ती पडली होती. समोर सिद्धगडाचा डोंगर. फार वाळली होती, पण मला पाहून पहिल्यांदा भावजयीला म्हणाली, "मास्तरांना पाट दे गो." आणि हसली.

मी पाटावर बसलो. "आयाबाई, त्या पुस्तकाचं मला तुम्हाला काही सांगायचंय."

तिनं पेटीकडे बोट दाखवलं. भावजयीनं पुस्तक काढून दिलं. आयाबाईनं भावजयीकडून तांब्या मागून घेतला, पडल्यापडल्या बोटं ओली केली, पदराला पुसली. मग पुस्तक छातीवर ठेवून शेवटाकडचं एक पान उघडलं. ते आपोआप उघडलं, इतक्या वेळा तिथे उघडलं गेलं होतं. एक चित्र होतं. देवळाचं दार, पायऱ्यांवर नवरा-नवरी, भोवती फुलं टाकणाऱ्या मुली. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एका तुटक्या कानाचा कुत्रा.

तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या जाहिरातीत कुत्रा कोनाचा हाय?"

मी म्हणालो, "त्याचाच. मोत्या."

"वळखला मी त्याला."

"केव्हा?"

"त्याच पावसात. पेटीत पानी शिरला म्हून पुस्तका उन्हात घातली, तवा पानं उघडली."

"मग तेव्हाच का नाही आलात? मला जाब का नाही विचारलात?"

"तवा त्याच्या बायकोला दिस गेले व्हते," ती म्हणाली. "इचारून काय करू? तिचा बाळंतपन बी मीच केला. पोरगी झाली. ग्वाड हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडलो. तिनं मला रडू दिलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि राहिलेली पानं चिमटीत दाबून पाहिली.

"इतका ऱ्हायलाय," ती म्हणाली. "पुढं?"

अकरा पानं होती. मी एक ओळ न गाळता वाचली आणि सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "घंटा वाजवली?"

"वाजवली."

"उजेडात?"

"सकाळी अकरा वाजता."

"म्हंजे लगीनच की," आयाबाई म्हणाली. "बरा."

मी उठलो तेव्हा तिनं पुस्तक माझ्याच हातात दिलं. "हा तुमी न्या. यमूताई दारात बसायच्या. त्यांचा बी अर्धाच ऱ्हायलाय. त्यांना वाचून दावा."

मी हो म्हणालो. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत ती गेल्याचं कळलं. धसईचा गाडीवाला आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन तिच्या सरणापर्यंत गेला होता, असं सांगणाऱ्यानं सांगितलं.

ते पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे. माझं लग्न शेवटी झालं नाही, आणि यमूला अजूनही माझ्याशिवाय कुणी नाही. तिच्या केसांत कानाजवळ पांढरं दिसू लागलं आहे. आयाबाईचं हे सगळं लिहून झालं तेव्हा मी ट्रंक उघडली, पुस्तक काढून मांडीवर घेतलं, त्या अकरा पानांत बोट घातलं आणि हाक मारली, "यमू, जरा इकडे ये."

ती वालाच्या शेंगा सोलत होती. पदराला हात पुसत आली आणि तोच शिसवी पाट ओढून दाराशी टेकली. माझ्या मांडीवरचं पुस्तक तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय रे दादा?"

मी म्हणालो, "काही नाही. चहा टाक जरा."